तोरणाचा पहिला मान आणि माझा मकाला

इतिहास घेऊन ऑनर्स करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं, तेव्हा गेवराईकडच्या आमच्या गावातून हैदराबादेत शिकायला गेलेला मी एकटाच. तिथे शिकवणं सगळं उर्दूत. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक मकाला, म्हणजे मोठा निबंध, लिहून द्यायचा; तो पसंत पडला नाही तर वर्ष बुडालं. आमचे प्रोफेसर म्हणाले, "मियाँ, किताबें बहोत हो गईं. अपने गाँव का लिखो. मगर सच लिखो." वडिलांनी एवढंच सांगितलं की नापास झालास तर औत धरायला ये. औत धरायची मला मुळीच हौस नव्हती.

विषय घरचाच सापडला. पोळ्याला वेशीत तोरण बांधतात आणि मानाची जोडी त्याखालून आधी जाते. आमच्या गावात पाटलांची दोन घरं, थोरलं आणि धाकटं. मान आपलाच असं दोघं म्हणत आणि दर पोळ्याला दोन-चार डोकी फुटत. हा मान मुळात कुणाचा हे शोधायचं ठरवून, पोळा पंधरा दिवसांवर असताना मी चावडीपुढच्या पारावर कागद पसरून बसलो.

तिथेच घोटाळा झाला. मी लिहीत होतो उर्दूत, आणि आमच्याकडे सरकारी कारभार उर्दूत; उर्दूत लिहिणारा माणूस एक तर सारा वाढवायला यायचा, नाही तर कुणाला तरी धरून न्यायला. थोरल्या पाटलांच्या दावणीला बारा बैल. मी विचारल्यावर म्हणाले, "बैल व्हय? ते पावण्याचे हायती. चरायला आलेत." धाकट्या पाटलांच्या कपाळावर गेल्या पोळ्याची खोक होती. ते म्हणाले, "उंबऱ्याला लागलं. तोरणाचा मान बिन आमच्यात काई न्हाई, नारायणगडाची आण." दोन दिवसांत माझ्या कागदांवरून असं ठरलं की आमच्या गावात बैल नाहीत, भांडण नाही आणि बहुधा पोळाही होत नाही.

मग मला दुर्बुद्धी सुचली. दाढी करून घेताना मी न्हावीकाकांच्या कानात सांगितलं, "कुणाला बोलू नका, पण ह्या कागदावर ज्याचं नाव लागंल त्यालाच औंदापासून मान." काकांच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला दोन्ही पाटील पाराशी हजर. एकाने आज्याची काठी आणली. दुसऱ्याने एक म्हातारा आणला, जो स्वतःच्या जन्माआधीच्या गोष्टी डोळ्यांनी पाहिल्याचं शपथेवर सांगत होता. मी सगळं उतरवून घेतलं. मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू? कागद भरत गेले, पण मान कुणाचा ते काही कळेना.

पोळ्याच्या दिवशी दोन्ही जोड्या रंगवलेल्या शिंगांनिशी तोरणापुढे उभ्या राहिल्या. मागे काठ्या तयार होत्या. तेवढ्यात न्हावीकाका म्हणाले, "आता कागद वाचा की."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. कागदावर कुणाचंच नाव नव्हतं. एकाचं नाव घेतलं तर दुसरा माझं डोकं फोडणार, आणि फुटक्या डोक्याने मकाला लिहून होत नाही. वेशीच्या कडेला वडाराची म्हातारी तिचा एकुलता लंगडा बैल धरून बसली होती. तिचा नंबर दर साली शेवटचा. मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि कोऱ्या जागेवरून वाचलं, "ही वेस बांधताना दगड ओढले वडाराच्या बैलांनी. पहिला मान त्यांचा."

मग थोरल्या पाटलांनी विचारलं, "धाकट्याचं नाव न्हाई ना त्यात?"

"न्हाई."

"मग बराबर हाय."

धाकट्या पाटलांनीही तेच विचारलं आणि तेच ऐकून तेही निवले. लंगडा बैल सावकाश तोरणाखालून गेला. त्या साली एकही डोकं फुटलं नाही.

हैदराबादेत मी सगळं लिहिलं, माझ्या थापेसकट. प्रोफेसरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "मग हा मान दिला कुणी?" मी म्हणालो, "मीच, साहेब. घाबरून." ते पोटभर हसले. म्हणाले, "सच लिखा है." मी पास झालो.

थाप मात्र वर्षभर मनाला टोचत राहिली. पुढच्या पोळ्याला मी म्हातारीपाशी जाऊन बसलो आणि म्हणालो, "आजी, मागल्या साली मी वाचलं ना, ते..."

"त्यात काय वाचायचं, लेकरा? माज्या सासऱ्याचीच जोडी हुती. ह्यो वरचा दगुड चढवताना त्यातल्या हरण्या बैलाचा पाय मोडला. तवा मान दिलता गावानं. मागनं लोक इसरलते." तिने मागे न पाहता वेशीच्या दगडावर हात नेला आणि बोटाने एक छिन्नीची खूण दाखवली. "ही बग, सासऱ्याच्या हातची."

खूण तिथे होती. जन्मभर मी त्या वेशीतून जात-येत होतो. पारावर बसून मी सगळ्या गावाला विचारलं होतं, एक तिला सोडून.