काहीलभर कडुनिंब

खरं सांगायचं तर मी दोनच मासे बरे केले होते. शिरूरला घरामागच्या हौदातले दोन रोहू. अंगावर लाल चट्टे, शेपट्या झडलेल्या. मूठभर कडुनिंबाचा पाला उकळला, गाळला, गार करून हौदात ओतला. आठवड्याभरात दोघं ठणठणीत. पण चहाच्या टपरीवर दोनाचे वीस झाले, पाबळच्या बाजारात दोनशे, आणि दौंडकडच्या एका लग्नाच्या पंगतीत मी जिलबी मोडता मोडता पाच हजारांवर गेलो. मासे वाढले तसा पालाही वाढवावा लागला. मुठीची पाटी झाली, पाटीची ट्रॉली.

त्या पंगतीत शेजारीच माझे चुलत सासरे होते, आप्पा. पुढं त्यांच्या शेततळ्यात हाच रोग शिरला आणि जीप माझ्या दारात.

"चला जावईबापू. घरचा डॉक्टर असताना बाहेरचा कशाला?"

जाऊन बघतो तर गुऱ्हाळाच्या चुलवणावर काहील. उसाचा रस नव्हे, कडुनिंब! अख्ख्या ट्रॉलीचा काळाकुट्ट काढा. वास असा, की भीमेपलीकडची म्हैस शिंकली असेल.

"तुम्ही म्हणला तेवढाच पाला घेतलाय," आप्पा म्हणाले. "दौंडचा मासेखात्याचा सायब औषध देत व्हता, त्याला माघारी धाडला. म्हणलं, आमचा जावई हाय."

काठावर सगळी भावकी. काहिलीला हळदकुंकू, पुढं नारळ. जीपची चावी आप्पांच्या बंडीत. आणि मला एकट्याला ठाऊक, की माझ्या हौदात तिसराही एक मासा होता. पहिल्या खेपेला काढा जरा दाट झाला, तो तासाभरात उताणा. त्याचं मी कधी कुणाला बोललोच नव्हतो.

"वता, तुमच्याच हातानं."

एका बादलीनं एवढ्या तळ्याला काय होतंय, म्हणून कोपऱ्यात ओतली. कोपऱ्यातले मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. गड्यानं दुसरी बादली हातात दिली.

"आप्पा, थांबा. दोनच होते."

"काय दोन?"

"मासे."

"दोन हजार?"

"दोन."

आप्पांनी माझ्या हातातली बादली घेतली, जमिनीवर ठेवली. कुणी हसलंसुद्धा नाही. विहिरीचं ताजं पाणी तळ्यात सोडलं, गडी मोटारसायकलवर दौंडला सायबाला आणायला पळाला. मेलेले मासे वेचायला मी गुडघाभर पाण्यात.

"किती झालं?" आप्पांनी काठावरून विचारलं.

"अठ्ठावीस."

आप्पा खाली उतरले, माझ्या हातातली पाटी घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले.