सुसानाचं चाक

...तर सुसाना तो टायर डोक्यावर घेऊन एसटीतून उतरली, इथपर्यंत काल आलो होतो. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. बाकीच्यांनी तेवढ्यात चहा पिऊन घ्यावा.

खांडबाऱ्याच्या वर, गुजरातच्या हद्दीला लागून जेठ्याचं गाव. चार भावंडं. जेठ्या थोरला, मग सुरुपसिंग, इमॅन्युएल, आणि धाकटी सुसाना, नाल्यापलीकडच्या गावात दिलेली. सहा वर्षांपूर्वी चौघांनी मिळून छोटा ट्रॅक्टर घेतला, चारही चाकांना जोर असलेला, कारण डोंगरातल्या त्यांच्या भातखाचरांत मोठा ट्रॅक्टर वळतच नाही. घेतला खरा, पण वाटणी कशी करणार? त्यांची आई कमलीबाई म्हणाली, "चाकं चार, पोरं चार." झालं. प्रत्येकाला एक चाक. पुढचं उजवं सुसानाचं. त्यावर भाऊ जरा कुरकुरले, तर म्हातारी म्हणाली, "जमिनीला पोरीचं नाव लागलं नाही. चाकाला तरी लागू दे." आणि नियम घालून दिला, की ज्याचा टायर त्याचं चाक. दुसऱ्याने टायर घातला, तर चाक त्याचं.

चार रिंगांवर पांढऱ्या रंगात चार नावं. असा ट्रॅक्टर मी जन्मात पाहिला नव्हता. इमॅन्युएल बारडोलीकडे ऊसतोडीला गेला असताना त्याचं चाक पंक्चर झालं, तर ट्रॅक्टर तीन दिवस तसाच उभा, कोणी हात लावेना. नाताळात सुरुपसिंग फक्त आपल्या चाकाला झेंडूची माळ घालतो. चालवायचं काम मात्र जेठ्याचं. तो म्हणतो, "आबा, चाकं चौघांची, शिव्या एकट्या माझ्या."

यंदा सुसानाचा टायर पार गुळगुळीत झाला. तिने दोन बकऱ्या विकल्या, पलीकडे गुजरातेत गेली, आणि चिठ्ठीवरचा रिंगेचा नंबर बघून दुकानदाराने दिला तो टायर घेऊन आली. रिंगेवर चपखल बसला. पण बाकीचे तीन शेतीचे, उंच दातांचे, आणि हा रुंद, चपटा, बारीक नक्षीचा, एखाद्या बिस्किटासारखा.

बाजारच्या दिवशी मी उमेदमल शेठच्या टायरच्या दुकानापुढे बसलो होतो, तर समोरून ट्रॅक्टर येतोय. तोंड रस्त्याकडे, अंग गटाराकडे.

"जेठ्या, तुन्हा ट्रॅक्टर तिरपा काबर चाली ऱ्हायना रे?"

"बहिणीकडे ओढतोय, आबा."

उमेदमल हसला नाही. खडू घेऊन आला. पुढच्या दोन्ही टायरांवर आणि खाली जमिनीवर खुणा केल्या आणि जेठ्याला म्हणाला, "एक फेरा फिरव, हळू." मी वाकून बघितलं. डाव्या टायरची खूण जिथे पुन्हा टेकली, त्याच्या चार बोटं अलीकडेच उजव्याची टेकली होती.

"हे बघा जेठाभाई," उमेदमल म्हणाला, "पुढची चाकं मागच्यांशी आतून गिअरने बांधलेली. कोणी किती चालायचं ते ठरलेलं असतं. हा कमी चालतो, म्हणून आत गिअर एकमेकांना खातात. डांबरावर तरी फोर-व्हीलचा दांडा काढूनच ठेवा."

"आणि चिखलात?"

"चिखलात हा थाळीसारखा जागच्या जागी फिरेल. पुढचा सगळा जोर ह्यातच जाईल. आतल्या गिअरने ही चिखलणी काढली तरी खूप. काढा हा, डाव्यासारखा घाला."

"मग हा घ्या, तो द्या."

"हा कोणाला विकू मी? हा हिरवळीवर चालवायचा टायर. खांडबाऱ्यात कोणाच्या दारात हिरवळ आहे? असली तर तिथे बकऱ्या आहेत."

बकऱ्यांचं नाव निघालं आणि जेठ्याने ट्रॅक्टर घराकडे वळवला.

सुरुपसिंग नवा टायर घालायला तयार होता, पण मग चाक सुरुपसिंगचं झालं असतं. माहेरात सुसानाचा वाटा तेवढाच, तोही गेला असता. जेठ्याने स्वतः घातला तरी तेच. आणि तिला पुन्हा घे म्हणायचं, तर विकायला तिच्याकडे बकरी उरली नव्हती. तरी एकदा सांगून टाकू म्हणून तो तिच्या घरी गेला. तिने भाकर वाढली, उडदाची डाळ वाढली, आणि विचारलं, "दादा, टायर कसा चालतो?" हा म्हणाला, "छान." निरोप सांगायला गेलेला माणूस दोन काकड्या घेऊन परतला. त्यातली एक मीच खाल्ली.

भावांची खाचरं ढकलून-ढकलून कशीबशी झाली. शेवटी राहिलं सुसानाचं, सासरचं, खाली नाल्याकाठचं. रोपं वीतभर वर गेलेली, आणखी थांबणं शक्य नव्हतं. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी छत्री घेऊन बांधावर हजर. घरात ते मावची बोलतात. मला ती समजते, लिहिता येत नाही, म्हणून मराठीत देतो.

खाचराच्या मधोमध ट्रॅक्टर बसला. मागची दोन चाकं हळूहळू खड्डा खणत होती, पुढचं डावं, इमॅन्युएलचं, जागचं हलेना, आणि सुसानाचं गरागरा फिरतंय. नक्षी चिखलाने भरलेली, अगदी मातीच्या गोळ्यासारखं दिसत होतं. आतून कट-कट आवाज यायचा, की जेठ्या डोळे मिटायचा. चार वेळा आवाज आला, चार वेळा मिटले. मग त्याने इंजिन बंद केलं.

सुरुपसिंगने तोंड उघडलं. जेठ्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि ते मिटलं.  

सुसाना हातात रोपांची मूठ घेऊन गुडघाभर चिखलातून पुढे आली. आपल्या चाकापाशी वाकली. रिंगेवरचं नाव चिखलाने झाकलं होतं, ते तिने तळव्याने पुसलं. मग वर न बघताच विचारलं, "दादा, कोणाचं चाक ओढत नाही?"

जेठ्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. म्हणाला, "चारही ओढतायत, सुसाना. तुझं खाचरच खोल आहे. सुरुपसिंग, जा, बैल घेऊन ये."