शहादा ते तळोदा, सायकलने: तीनदा थांबलेली एस.टी.

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटे. या वेळी नाशिकमधल्या माझ्या घराच्या फाटकासमोरून हेल्मेट घातलेले तीसेक सायकलस्वार गेले. मी, वय वर्षे शहाऐंशी, फाटक धरून उभी होते. कपाळाला हात लावून मी त्यांना राम राम केला. एकानेही मान हलवली नाही. एकाच्या सायकलला तर घंटीसुद्धा नव्हती. म्हणजे जगात कुणाला काही सांगायचंच नाही, हे त्याने सायकल घेतानाच ठरवलं असणार.

त्यांचे म्होरके कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिताना सापडले. मी जाब विचारला.

"आजी, रागावू नका. रायडिंग करताना अनोळखी लोकांना रिस्पॉन्स द्यायचा नाही, असा ग्रुपचा नियम आहे. स्पीड तुटतो."

आणि वर मला मोबाइलवर पुढच्या सफरीचा नकाशा दाखवला. नंदुरबार, प्रकाशा, तळोदा, येताना सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा. माझाच रस्ता! आणि त्या रस्त्यावरून ही मंडळी तोंड शिवून जाणार. म्हणून नातीला समोर बसवून तिच्या ब्लॉगवर हे लिहवून घेते आहे. त्या बाजूला जायचा विचार असलेल्या इतरांनीही वाचावं.

साल १९६१, मार्गशीर्ष. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता, सगळा मुलूख धुळ्याच्या पोटात होता. मी शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीत हंगामी ग्रामसेविका होते. बालवाडी, परसबाग, बाळंतिणींची विचारपूस अशी कामं. तळोद्याच्या ब्लॉक ऑफिसला सातपुड्याच्या पायथ्याची गावं फिरणारी ग्रामसेविका हवी होती, आणि मला ती जागा हवी होती. तिथल्या साहेबांना मात्र मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली म्हटल्यावर डोळ्यांसमोर टाइपरायटरच दिसत होता.

"सायकलवर फिरणारी बाई लोकांना चालेल का, हा प्रश्न आहे," ते म्हणाले होते. "तुम्ही ब्राह्मणपुरीहून इथवर सायकलने येऊन दाखवा. पण वाटेत तुमच्याबद्दल एक जरी तक्रार आली, तर धुळ्याला टायपिंगचं टेबल तयार आहे."

पुरुषाला नोकरी देताना रस्त्याचं मत कुणी घेत नाही. पण हे मी तेव्हा बोलले नाही, कारण जागा हवी होती.

निघाले त्या पहाटे घरमालकीण जमनामायने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि चार केळी फडक्यात बांधून हँडलला अडकवली. त्या घरची मंडळी कधीकाळी गुजरातेतून आलेली. आपसात गुजराती वळणाचं बोलत आणि माझ्याशी अहिराणी.

"सायकलवर बशीसन साहेबले भेटाले जाशी?" ती म्हणाली. "मंग घोडंच ली ले ना बाई, सारंगखेडानी यात्रा भरी ऱ्हायनी!"

"घोड्याला ब्रेक नसतो, माय."

"तुन्हा तोंडले तरी कोठे शे?"

ब्राह्मणपुरी ते शहादा रस्ता सपाट. दोन्ही बाजूंना कापूस, केळी आणि ऊस. याच टप्प्यावर मला तिकडची एक रीत कळली. ती माझ्या कॉन्व्हेंटच्या सगळ्या शिष्टाचारांहून सरस आहे, असं मी आजही म्हणते. समोरून दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला आला. मी वाट पाहत होते की तो आधी नमस्कार करील, कारण मी बाई, शिवाय सरकारी. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि जवळ आल्यावर म्हणाला, "काय बाई, रिकामीच शे ना?"

मला वाटलं, चावटपणा. पुढे कापसाचं गाठोडं घेतलेला दुसरा समोरून आला. माझ्या थोडा पुढे, माझ्याच दिशेने एक पोरगेलासा गडी रिकाम्या सायकलवर चालला होता. त्याने आधी घंटी वाजवून "राम राम" घातला आणि गाठोडेवाल्याने फक्त हनुवटी वर केली. तेव्हा उलगडा झाला. ज्याची सायकल रिकामी, त्याने आधी बोलायचं. ज्याच्यावर ओझं, त्याचा हात अडकलेला असतो, त्याने नुसती मान हलवली तरी भरपाई झाली. वय, जात, पगार काही बघायचं नाही, फक्त कॅरिअर बघायचं. चढावर असलेल्याकडून तर मान हलवण्याचीही अपेक्षा नाही, त्याचा दम त्याच्याजवळ राहू द्यायचा. असा साधा, न्यायाचा कायदा मी पुढे कुठल्याच ऑफिसात पाहिला नाही.

शहाद्यात हवा भरून घेतली आणि प्रकाशाच्या रस्त्याला लागले. आज तिथे गुळगुळीत डांबर आहे. तेव्हा मधोमध खडीचा एकच पट्टा होता आणि दोन्ही बाजूंना घोटाभर फुफाटा. मागून मोटार आली की सायकलवाल्याने फुफाट्यात उतरायचं, हे ठरलेलं. थोड्याच वेळात मागून तळोद्याची एस.टी. आली. मी उतरायच्या बेतात होते, तर ती गाडी मागेच हळू झाली. माझ्या पुढे घट्ट जमीन येईपर्यंत ड्रायव्हर तसाच रेंगाळत राहिला. मग अशा बेताने बाजूने गेला की माझ्या साडीवर धुळीचा कण उडाला नाही. मी थक्क झाले. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, कुणी वाट दिली तर तळहात वर करून आभार मानावेत. मी तळहात वर केला.

करकचून ब्रेक लागला. कंडक्टर खाली उडी मारून आला.

"बठा बाई. सायकल टपवर टाकस."

"मला बसायचं नाही."

"मंग हात कसाले दाखाडा?"

"आभार मानले."

तो गाडीकडे वळून ओरडला, "काही नही, चाला!" पुढच्या खिडकीतून काळ्या टोपीचे एक गृहस्थ वाकून बघत होते. हातात साखळीचं घड्याळ. ते शहाद्याचे वकीलसाहेब, हे नंतर कळलं.

पुढच्या गावी एस.टी. उतारू घ्यायला उभी राहिली आणि मी तिच्या पुढे गेले. परत ती मागून आली, परत त्या भल्या माणसाने वाट दिली, परत माझा हात वर गेला. बारा वर्षांची सवय तासाभरात जात नाही. परत ब्रेक.

या वेळी अख्खी गाडी बोलू लागली. "बाई थकनी व्हई!" "अरे, बठाले लाजी ऱ्हायनी!" आणि वकीलसाहेब घड्याळ नाचवत म्हणाले, "सरकारी गाडी थांबवण्याचा हा काय खेळ लावलाय? नाव काय तुमचं? मी ब्लॉक ऑफिसलाच चाललोय!"

नाव सांगितलं. खोटं सांगण्याचं शिक्षण नव्हतं. पण उरलेला रस्ता मला धुळ्याचं टेबल दिसत राहिलं.

प्रकाशाला गोमाई तापीला मिळते. जाणाऱ्यांनी संगमावर घटकाभर थांबावंच, देवळं आणि पाणी दोन्ही बघण्यासारखं आहे. मी थांबले ती मात्र स्टँडजवळच्या हॉटेलात, कारण एस.टी. तिथे चहासाठी उभी होती. चहा दहा नव्या पैशांचा, दुधाळ आणि गोड. ड्रायव्हर बाकावर बसून बशीत फुंकर मारत होता. नाव नथू. मिशा अशा की त्यांना वेगळं तिकीट लागावं, आणि स्वतःच्या गाडी चालवण्याबद्दल त्याचं मत माझ्याहूनही चांगलं होतं. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"नथूभाऊ, मी हात केला की तुम्ही थांबता का?"

"बाई, हात दिखना का मन्ही गाडी थांबस. या रस्तावर मी कोणले सोडी दिनं नही आजलोंग." त्याने मिशीवरचा चहा पुसला. "तुम्ही बठत नही, हाई तुम्हनी मर्जी."

"अहो, पण मला तुमचं कौतुक करायचं होतं. मग करायचं कसं?"

हा प्रश्न हॉटेलभर गेला. चहावाला म्हणाला, घंटी वाजवा. नथू म्हणाला, इंजिनापुढे तुमची घंटी कोणाला ऐकू येते? कंडक्टर म्हणाला, रुमाल हलवा. रुमाल हलवला तर पुढे पूल वाहून गेला असं वाटेल, हे दुसऱ्याने दाखवून दिलं. शेवटी बाकाच्या टोकाला बसलेली एक म्हातारी वैतागून म्हणाली, "हात बाहेर काढा तं गाडी थांबस. तोच हात आपला कपायले लावा तं राम राम व्हस. एवढं कसाले डोकं खाई ऱ्हायनात?"

सगळे हसले, मीही हसले, आणि नथूने जाहीर केलं की बाईंनी कपाळाला हात लावला की तो भोंगा वाजवील. तेवढ्यात गाडीतल्या खिडकीकडे माझं लक्ष गेलं. वकीलसाहेब बघत होते. ते चहाला उतरलेच नव्हते.

प्रकाशा सोडल्यावर उत्तरेला सातपुडा वर येतो, आधी धुरासारखा आणि मग निळा. एस.टी. मागून आली, वाट दिली, मी कपाळाला हात लावला आणि रबरी भोंगा असा काही वाजला की शेतातले बगळे उडाले. गाडी थांबली नाही. मन हलकं व्हायला हवं होतं, पण त्याच गाडीत माझी तक्रार बसून माझ्या आधी तळोद्याला चालली होती.

एका बाभळीखाली भरीत-भाकरी खाल्ली. समोरून सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेले घोडेवाले आले. घंटीने घोडं बुजतं, म्हणून मी उतरून उभी राहिले. पुढच्या स्वाराने न विचारता लगाम एका हातात घेतला आणि दुसरा कपाळाला लावला. त्याच्या मागच्यानेही, त्याच्याही मागच्यानेही. पुढे डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेल्या डोंगराकडच्या दोन बायका. त्यांची भाषा मला येत नव्हती. माझी सायकल रिकामी, म्हणून मी आधी राम राम केला. त्यांनी हनुवट्या वर केल्या. एक हसली, तिची मोळी डुगडुगली, आणि तिने हसणं आवरलं. त्या क्षणी मी ठरवलं की ही जागा सोडायची नाही.

तळोद्याला पोचले तेव्हा बाजार भरला होता. ऑफिसात वकीलसाहेब खुर्चीवर आणि साहेब टेबलामागे. मला बसा म्हणाले नाहीत.

"तुम्ही दोनदा गाडी थांबवलीत आणि चढला नाहीत?"

"हो."

"प्रकाशाला हॉटेलात ड्रायव्हरबरोबर हसत होतात?"

"हो. अख्खं हॉटेल हसत होतं. वकीलसाहेब सोडून."

वकीलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "मला गाडीची वेळ झाली. तक्रार मी तोंडी केली आहे, हवी तर लिहून पाठवतो." आणि ते स्टँडकडे गेले.

साहेबांनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही मेहनती आहात. पण मी सांगितलं होतं, एक जरी तक्रार."

"साहेब, तक्रार खरी आहे, पण गाडी का थांबली ते खुर्चीत बसून कळणार नाही. ती आता परत शहाद्याला जाताना ऑफिसवरूनच जाईल. पाच मिनिटं बाहेर चला. नाही पटलं तर मी धुळ्याला जाईन."

बिचारे आले. बाजाराच्या दिवशी ऑफिससमोर शेळ्या, बैलगाड्या, भाजीच्या पाट्या. नथूची गाडी आली. समोर शेळ्यांचा कळप होता. तो हळू झाला, शेळ्या जाऊ दिल्या. ऑफिसच्या दारातल्या धुळीकडे बघून त्याने गाडी पलीकडच्या कडेला घेतली आणि साहेबांचे पांढरे कपडे पांढरेच राहिले. मी कपाळाला हात लावला. भोंगा वाजला. गाडी चालत राहिली.

"वा! काय सभ्य माणूस आहे!" साहेब म्हणाले, आणि साहेबलोकांच्या रीतीप्रमाणे त्यांनी तळहात वर केला.

करकचून ब्रेक. कंडक्टर उडी मारून आला. "बठा साहेब! पुढली सीट खाली करस!"

"नाही, नाही, मला कुठे जायचंय?"

"मंग हात कसाले दाखाडा?"

गाडीत हशा पिकला. पुढच्या खिडकीतून काळी टोपी बाहेर आली. "आता कोण थांबवतंय? नाव काय त्याचं?" वकीलसाहेब ओरडले, आणि समोर साहेबांना पाहून त्यांचा हात आपोआप कपाळाला गेला. अगदी बरोबर रीतीने. त्याच्या उत्तरादाखल नथूने भोंगा वाजवला आणि गाडी निघाली.

साहेब वर केलेल्या हाताकडे बघत होते, तो खाली कसा आणावा हे सुचत नसल्यासारखे. मग म्हणाले, "सोमवारपासून हजर व्हा. आणि ही गोष्ट ऑफिसात सांगू नका."

ऑफिसात नाही सांगितली. इथे सांगते आहे.

रात्री तिथल्या शिक्षिकेकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी परतले. जमनामायने सगळं ऐकून घेतलं. "मंग घोडा लागना नही म्हन," एवढंच म्हणाली, आणि पानात जास्तीची भाकरी वाढली. पुढे कित्येक वर्षं मी त्या पायथ्याने सायकल हाकली. बदल्या झाल्या, पदं मिळाली, जीप मिळाली. नथूभाऊ, जमनामाय, साहेब कुणी राहिलं नाही. माझ्याकडे उरली ती कपाळाला हात लावायची सवय. अजूनही रस्ता ओलांडताना रिक्षावाला थांबला की हात तिथेच जातो, आणि दहातले सात जण हसतात.

तर सायकल ग्रुपच्या म्होरक्यांनो, तुमच्या सायकलींना कॅरिअरच नाही. म्हणजे त्या रस्त्याच्या कायद्याने तुम्ही कायमचे रिकामे, आणि आधी बोलण्याची पाळी कायम तुमची. मोळीवाली बाई आधी राम राम करणार नाही, तिचा हात अडकलेला आहे. तुमचा कशात अडकलाय? सफरीवर निघण्याआधी तो नियम खोडणार की नाही, याचं लेखी उत्तर मला ३० नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत फाटकावर आणून द्यावं. मोबाइलवरचा पिवळा अंगठा चालणार नाही. आणि येताना सायकलवरून आलात, तर मी फाटकातच उभी असेन. पाहू, आधी कोणाचा हात वर जातो.