ब्रेकबाईचा फोन

माझी मावशी लोकांना गाडी शिकवते आणि शिकवता शिकवता त्यांनाच फोन करते. हे ऐकून लोक हसतात. जे तिच्या हाताखाली गाडी शिकले आहेत ते मात्र हसत नाहीत.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मावशीच्या पायाशी. माणूस चढावर गाडी मागे न घसरू देता उचलायला लागला, दोन खांबांच्या मधून रिव्हर्स काढायला लागला आणि आता आपल्याला सगळं येतं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं, की मावशी त्याला बाजाराच्या रस्त्यावर नेते. तिथे ऐन गर्दीत मांडीवरच्या पिशवीत हात घालून गुपचूप त्याचाच नंबर लावते. त्यानं फोन वाजू दिला तर तो पास. हात खिशाकडे गेला, अगदी नजर जरी तिकडे वळली, तरी मावशी आपल्या बाजूचा ब्रेक दाबते, गाडी कडेला घ्यायला लावते आणि सांगते, "उतरा. उद्यापासून पहिला धडा." पहिला धडा म्हणजे सीट पुढेमागे कशी करायची आणि आरसे कसे लावायचे.

भलेभले असे पहिल्या धड्याला येऊन बसलेत. रागावले, गयावया केली, ओळखी काढल्या. मावशी ढिम्म. त्यातूनच तिचं नाव ब्रेकबाई पडलं. नाव ठेवणाऱ्यांना वाटलं ती चिडेल. तिनं ते नाव दागिन्यासारखं मिरवलं.

पूर्वी ती पार्लरमध्ये केस कापायची. दिवसभर उभं राहून कात्री चालवायची आणि जोडीला तोंड. तिच्याकडे केस कापायला येणाऱ्या निम्म्या बायका तिचं बोलणं ऐकायला यायच्या. एकदा दुपारी ती जेवायला घरी निघाली होती. झेब्रा क्रॉसिंगवर उभी राहिली. एक गाडी येत होती. गाडीतला माणूस समोर बघत होता, थेट तिच्याकडे. त्यानं आपल्याला पाहिलं, आता तो थांबेल, असं समजून ती रस्त्यावर उतरली. तो थांबला नाही. डाव्या पायाचं हाड इतक्या ठिकाणी मोडलं की पाय राहिला हेच नशीब, पण त्या पायावर उभं राहणं कायमचं संपलं आणि कात्रीही संपली.

तो माणूस फोनवर बायकोशी बोलत होता. नव्या घराला कोणत्या रंगाचे पडदे लावायचे, यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. "माझा पाय पडद्यांपायी गेला," मावशी म्हणते. "आणि शेवटी कोणता रंग घेतला तेही मला कुणी सांगितलं नाही."

तो दवाखान्यात फळं घेऊन आला तेव्हा तिनं त्याला फळांसकट परत पाठवलं. कोर्टात तो रडला. म्हणाला, "मी समोरच बघत होतो, पण मला या दिसल्याच नाहीत." आमच्या घरातले सगळे खवळले, धडधडीत खोटं बोलतोय म्हणाले. घरी आल्यावर मावशी म्हणाली, "खोटं बोलला असता तर बरं झालं असतं गं. खोट्या माणसाशी भांडता येतं. तो खरं बोलत होता. उघड्या डोळ्यांनी बघत होता आणि मी त्याला दिसले नाही. याचं काय करायचं?"

याचं काय करायचं, ते तिनं शोधून काढलं. पाय जरा जमिनीला टेकायला लागल्यावर ती सरळ ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांकडे गेली आणि म्हणाली, "उभ्यानं करायचं काम गेलं. मला बसून करायचं काम द्या." मालक आधी बघतच राहिले. पण माणूस मनानं चांगला. त्यांनी तिला स्वतः गाडी शिकवली, हातात पक्कं बसेपर्यंत शिकवली आणि मग शेजारच्या सीटवर बसवलं. आखडलेला डावा पाय क्लचपुरता कसाबसा चालतो, आणि दुसरा ब्रेक दाबायला उजवा पुरतो. हे उपकार मावशी विसरलेली नाही. विसरली असती तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

कारण मालकांना एक खोड होती. फोन वाजला की तो कानाला लागलाच पाहिजे, मग जेवण असो, दाढी असो की गाडी. गाडी चालवताना ते फोन खांदा आणि कान यांच्यात असा काही चिमटीत धरायचे की त्यांची मान जन्मतःच वाकडी असावी असं नवख्याला वाटायचं. "केस काळे होते तेव्हापासून चालवतोय," ते अभिमानानं सांगायचे. "एक ओरखडा दाखवा." आणि खरंच ओरखडा नव्हता.

मावशीच्या घरीच राहून मी कॉलेजात शिकत होते आणि उरलेल्या वेळात स्कूलच्या ऑफिसात बसत होते. कुणाला कोणत्या वेळेला शिकवायचं हे मालकांच्या बायको आणि मी मिळून ठरवायचो. त्यांना सगळे वहिनी म्हणायचे, मालक सोडून. एके दिवशी वहिनी डोळ्यांचे थेंब आणायला बाहेर पडल्या आणि तेवढ्यात एक वकील तणतणत आत आले. आदल्या दिवशी मावशीनं त्यांना बाजारात उतरवलं होतं.

"आमच्या धंद्यात फोन उचलला नाही तर अशील दुसरा वकील गाठतो," ते मालकांना म्हणाले. "परीक्षेत कुणी फोन लावून बघत नाही. मग या बाई कोण लागून गेल्या? मी दुसरीकडे जातो, आणि जाताना चार जणांना घेऊन जातो."

मालकांनी मावशीला बोलावलं. "बाई, आता पुरे झालं तुमचं ते फोनचं नाटक. आजपासून बंद."

"बंद होणार नाही," मावशी म्हणाली.

"मी मालक आहे इथला."

"आहात ना. म्हणून तर तोंडावर सांगते. पाठीमागे केलं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं."

"अहो, मी रोज फोनवर बोलत गाडी चालवतो. झालंय कधी काही?"

मावशी खुर्चीला धरून उभी राहिली. राग आला की तिला बसवत नाही, पाय कितीही दुखला तरी. "चला मग," ती म्हणाली. "तुम्ही स्टिअरिंगवर, मी शेजारी. बाजाराला वळसा घालून परत यायचं. फोन आला की घ्या, मनसोक्त बोला. मला माझा ब्रेक एकदाही दाबावा लागला नाही, तर उद्यापासून मी कामावर येत नाही. दाबावा लागला, तर माझा फोन चालू राहील आणि तुम्ही पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही."

आमचं घर तिच्या या एका कामावर चालत होतं, माझं शिक्षणसुद्धा. मी तिचा दंड धरला आणि हळूच म्हटलं, "मावशी, अशा पायाला दुसरं कोण काम देणार आहे तुला?"

"कुणी नाही," ती चांगली मोठ्यानं म्हणाली. "चल, मागे बस. आणि वकीलसाहेब, तुम्हीपण. साक्षीदार लागेल."

वहिनी ऑफिसात असत्या तर त्यांनी दोघांनाही दटावून पैज तिथल्या तिथे मोडली असती. पण त्या नव्हत्या. आम्ही निघालो.

मालकांनी गाडी सुरेख चालवली, हे मला कबूल करावंच लागेल. फाटकातून बाहेर पडतोय तोच त्यांचा फोन वाजला. टायरवाला होता. मालकांनी फोन मानेत अडकवला आणि मागच्या वेळचे टायर कसे फुसके निघाले ते त्याला ऐकवायला घेतलं. बोलता बोलता वळण घेतलं, हातगाडीला बगल दिली, सिग्नलला थांबले, सुटले. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत मस्त खुशी होती. वकील माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. एकेक वळण मागे पडत होतं आणि मी मनातल्या मनात आमचं घर आवरायला घेतलं होतं. मावशीचा उजवा पाय ब्रेकच्या वर, न टेकता, तसाच धरलेला होता.

बाजार संपत आला. औषधाच्या दुकानासमोर झेब्रा क्रॉसिंग आहे. तिथे वहिनी उभ्या होत्या, हातात थेंबांची पिशवी घेऊन. आमच्या गाडीच्या टपावरची पिवळी पाटी त्यांनी ओळखली. त्या हसल्या, त्यांनी हात वर केला. मालक समोर बघत होते, सरळ त्यांच्याकडे. वहिनी रस्त्यावर उतरल्या.

गाडीचा वेग कमी झाला नाही.

मावशीचा पाय खाली गेला. गाडीनं नाक खाली घातलं, मी पुढच्या सीटवर आपटले, वहिनी झटक्यात मागे सरकल्या आणि त्यांच्या हातातली पिशवी रस्त्यावर पडली. मला वाटलं, संपलं, आता मालक ओरडतील. मालकांनी सवयीनं क्लच दाबला, गियर उतरवला, आणि टायरवाल्याला म्हणाले, "ते जाऊ दे, या वेळी नवा माल दे." गाडी पुढे निघाली. मला हे कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, काहीतरीच काय. पण मी मागच्या सीटवर बसून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी ओरडायला तोंड उघडलं. मावशीनं बाजूच्या आरशात बघून घेतलं, वहिनी फुटपाथवर नीट उभ्या आहेत याची खात्री केली, आणि मागे न वळता मला तळहात दाखवला. मी तोंड मिटलं. शेजारी वकिलांनी सीटची कड घट्ट धरली होती.

परत आल्यावर मालकांनी गाडी एका दमात खांबांच्या मधून रिव्हर्स लावली, टायरवाल्याशी बोलणं आटोपलं आणि हसत हसत ऑफिसात आले. "बोला बाई."

"तुम्हीच बोला," मावशी म्हणाली. "मी ब्रेक किती वेळा दाबला?"

"एकदाही नाही."

"एकदा दाबला."

"मला कळलं नसतं? केस काळे होते तेव्हापासून..."

"नाही कळलं."

"हरल्यावर असं करू नये, बाई. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "वकीलसाहेब, तुम्ही होतात. सांगा यांना."

वकील खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला विचारू नका."

"का?"

उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर आली नाही. दारात वहिनी उभ्या होत्या. चालत आल्या होत्या, केस सुटले होते, पिशवीला रस्त्याची माती लागली होती. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मालकांना ते सोपं गेलं असतं, नवराबायकोच्या भांडणाची दोघांनाही सवय होती.

"मी तुम्हाला हात केला," वहिनी म्हणाल्या.

"कुठे?"

"औषधाच्या दुकानासमोर. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. म्हणून तर मी उतरले रस्त्यावर."

मालकांनी मावशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वकिलांच्या पाठीकडे पाहिलं. मग बायकोकडे बघून म्हणाले, "मला तू दिसलीच नाहीस."

हे वाक्य मी घरात कितीतरी वेळा ऐकलं होतं. मावशी आता झोडपणार त्यांना, असं मला वाटलं. झोडपायलाच हवं होतं, माझे तर हात शिवशिवत होते. ती लंगडत वहिनींपाशी गेली, त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि आपल्या पदरानं पुसली.

"खरं सांगतायत ते, वहिनी," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना नाहीच दिसलात. त्या माणसालाही मी दिसले नव्हते."

मालक खाली बसले. टेबलावर त्यांचा फोन वाजायला लागला, बहुधा टायरवालाच असावा. तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मालकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वकील केव्हा निघून गेले ते बाकी कुणाला कळलं नाही. पण सकाळची पहिली वेळ माझ्यासाठी ठेव, असं जाताना ते मला सांगून गेले होते. मी ते वहिनींना सांगितलं.

"ती वेळ नाही मिळायची," वहिनी मला म्हणाल्या. "बाई, तुमचा नियम काय आहे?"

"पहिला धडा," मावशी म्हणाली.

"यांनाही?"

"नियमात मालक आणि गडी असं काही लिहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले. येतील असं मला वाटलं नव्हतं. नवी पोरं दाराशी उभी राहून तोंडावर हात धरून बघत होती. ज्या माणसानं गावाला गाडी शिकवली तो मान खाली घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसला. मावशी नेहमीसारखी शेजारी बसली, आखडलेला पाय हातानं उचलून आत घेतला आणि दार लावलं. तिनं त्यांना सूट दिली नाही. ज्या माणसानं आपल्याला गाडी शिकवली त्याला ती म्हणाली, "सीट पुढे घ्या. अजून. आता आरसा लावा."

मालकांनी आरसा लावला.

"काय दिसतंय?"

"मागचा रस्ता."

"आणि?"

मालकांनी आरसा जरा कलता केला. ऑफिसच्या दारात वहिनी उभ्या होत्या, हाताची घडी घालून.

"ही," ते म्हणाले.

"नीट दिसतायत?"

"दिसतेय."

"मग करा गाडी सुरू," मावशी म्हणाली, आणि पिशवीत हात घालून फोन चाचपला.