खरी पुडी, खोटी पुडी

सोलापूरच्या एका दवाखान्यात त्या बाई मला एकदाच भेटल्या. माझी साखर काठावर होती. पोटातले चांगले जंतू वाढवले तर मधुमेह टळतो का, हे तपासणाऱ्या अभ्यासात मी नाव दिलं होतं. निम्म्या लोकांना रोज घ्यायला त्याची खरी पावडर पुडीत मिळे, निम्म्यांना नुसती तशी दिसणारी. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. कंटाळून मी त्या दिवशी नाव काढून घ्यायला गेलो होतो.

शेजारी साठीच्या बाई बसल्या होत्या. वळसंगहून उपाशीपोटी आलेल्या. रिकाम्या पुड्या त्यांनी रुमालात घडी घालून परत आणल्या होत्या. एकही दिवस चुकला नव्हता.

"तुमची खोटी निघाली तर?" मी विचारलं.

त्या हसल्या. "निगू दे की. साखरेपायी माज्या आईचा पाय कापला. माजी खोटी असली तर कुनाची तरी खरी हायच न्हवं? दोनी बगितल्याबिगर डॉक्टरला कळनार कसं? माज्या नातीला तरी उपेग हुईल."

नर्सनं हाक मारली, तशा त्या बाही सारत रक्त द्यायला आत गेल्या.

माझा नंबर आल्यावर मी पुढच्या महिन्याच्या पुड्या मागून घेतल्या.