पूल शाबूत

साक्रीपलीकडच्या डोंगरात कोणाला जायचं असेल तर जरूर जा, पण पावसाळा संपल्यावर. साठच्या दशकाच्या अखेरीस मी गेलो तो दगड आणायला. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी ओढ्यांची आणि पुलांची छोटी मॉडेलं करायचो. तिकडच्या एका ओढ्यावर नव्या पुलाच्या मोऱ्या, म्हणजे खालून पाणी जायच्या वाटा, पुरात गाळ-गोट्यांनी बुजल्या आणि पाणी वळून खालच्या वस्तीत शिरलं. हे मॉडेलवर तपासायला तिथलेच गोटे हवे होते.

धुळ्यापर्यंत एसटीने अंग खिळखिळं केलं. स्टँडसमोरच्या खानावळीतली शेवभाजी मात्र स्वस्त आणि झणझणीत. साक्रीपुढे खडीचा रस्ता; तिकीट थोडं, धूळ फुकट.

पुलावर तिथले ओव्हरसिअर भेटले. कठड्यावर थाप मारून म्हणाले, "एवढा पूर आला, पण पूल शाबूत!" वरच्या कचेरीलाही त्यांनी हेच कळवलं होतं. संताप आला. मी खाली उतरून ओढ्यातले गोटे पोत्यात भरू लागलो.

वस्तीतल्या एका म्हाताऱ्या अक्कांनी नागलीची भाकरी वाढली. त्यांची सून पुरात गेली होती. दुसरी जागा कोणी देईना, म्हणून घर पुन्हा तिथेच बांधणं चाललं होतं.

"पूल पडी जाता ते बरं व्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "बठ्ठा गोटा मोरीमा अटकनात नि पानी आमना घरमा उनं. आते मोऱ्या मोठ्या करशात ना?"

"त्यासाठीच तर आलोय, अक्का."

परतताना माझं पोतं बघून कंडक्टर म्हणाला, "साहेब, पुण्यात दगड संपले का?" सगळी गाडी हसली.

पुण्यात मॉडेलमध्ये नुसतं पाणी सोडलं, ते सुरळीत गेलं. मग गोटे मिसळले. एक मोठा मोरीत अडकला, मागे बारीक खच पडला आणि पाणी वस्तीकडे वळलं. घरं म्हणून ठेवलेल्या काड्यापेट्या तरंगत गेल्या. मोऱ्या रुंद करा, असं मी स्पष्ट लिहून पाठवलं. उत्तर आलं: पूल शाबूत असल्याने गरज नाही.

पुढच्या पावसाळ्यात पेपरात कोपऱ्यात बातमी होती: साक्री भागात पूर, वस्तीत पाणी, पूल शाबूत. पाणी ओसरताच गेलो. एसटी पुलावरून झोकात पार झाली. खाली वस्तीच्या जागी नुसते गोटे पसरले होते. अक्कांचं काय झालं, कोणालाच सांगता येईना.

ते गोट्यांचं पोतं अजून माझ्या घरी आहे. त्या वस्तीचं तेवढंच शाबूत राहिलं.