प्रेस नंबर चारचा २१०६

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू मी चालता चालता बुटाने बाजूला केलेलं आहे. या ग्रुपवर लोक घाटातल्या पांढऱ्या साडीचे किस्से टाकतात तेव्हा मी खाली खवचट कमेंट करणारा माणूस. त्यामुळे आज तुम्ही माझ्यावर तुटून पडलात तरी तक्रार नाही... फक्त "व्हायरस असेल" असं लिहिणाऱ्यांनी आधी शेवटपर्यंत वाचा. मी बारा वर्षं हेच काम केलंय.

मी तळेगावचा. वराळ्याजवळ पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एका लहान कंपनीत कॉम्प्युटरचं सगळं बघायचो. शॉपमध्ये, म्हणजे आतल्या कारखान्यात, पत्रा दाबून कापणाऱ्या चार प्रेस. प्रत्येक प्रेसपुढे सेन्सरचा पडदा असतो, म्हणजे प्रकाशाच्या न दिसणाऱ्या रेघा. हात आत गेला की रेघ तुटते आणि प्रेस थांबते. पडद्याचा सिग्नल लिनक्सवर चालणाऱ्या एका लहान कॉम्प्युटरमधून, म्हणजे आमच्या डब्यातून, फिरून प्रेसला जायचा. खरं तर तसा जायला नको, थेट जायला हवा. पण खर्च वाचवला होता.

प्रेस नंबर चार शांतारामभाऊंची. भाजे गावचे, पन्नाशीचे. सकाळी मळवलीहून गाडीने यायचे आणि आल्या आल्या मशीन पुसायचे. त्यांच्या प्रेसचा पडदा तेलाच्या वाफेने बिघडला होता. आत काही नसताना प्रेस थांबायची. नवा सेन्सर यायला आठवडा होता आणि मॅनेजरला तेवढा धीर नव्हता. मला म्हणाला, "दोन दिवसांचा प्रश्न आहे, काहीतरी जुगाड कर."

मी केला. छोटासा प्रोग्राम. पडदा काहीही सांगो, हा प्रेसला सांगणार की सगळं ठीक आहे. नाव ठेवलं 'चालूदे'. मला तेव्हा ते विनोदी वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शांतारामभाऊंनी मला विचारलं, "सर, पडदा चालू हाय न्हवं? आज लय गुमान चाललीय मशीन."

मी म्हणालो, "हो, चालू आहे."

त्याच दिवशी पावणेचारला त्यांची उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली.

गाडी त्यांना घेऊन गेटबाहेर पडली आणि मॅनेजर माझ्या टेबलापाशी आला. "ते काढून टाक." मी प्रोग्राम बंद केला, फाइल उडवली, लॅपटॉपमधली मूळ प्रतही उडवली. संध्याकाळी सेन्सरला बगल देणारी एक तार मागच्या पेटीत जोडलेली सापडली. ती कुणी लावली ते मला माहीत आहे, मी नाही. चौकशीच्या कागदावर मात्र लिहिलं गेलं, की ऑपरेटरनेच वेग वाढवायला तार जोडली. म्हणजे बोटंही त्यांची आणि दोषही त्यांचा. वीस वर्षं मशीन पुसणाऱ्या माणसाला बेजबाबदार म्हणून काढणार होते. आणि मी गप्प बसलो. मला पोरगी आहे, फ्लॅट आहे... असली कारणं सगळ्यांकडे असतात.

मग तीन आठवड्यांनी खंडेनवमी आली.

आमच्याकडे पद्धत होती, की जो मशीन चालवतो त्यानेच तिची पूजा करायची. आदल्या दिवसापासून घासूनपुसून ठेवायची, मग हार, हळदकुंकू, नारळ. मग मेन स्विच खाली आणि दसरा होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. तीन मशीनना हार पडले. चौथी तशीच. शांतारामभाऊंना गेटवरच बंदी होती.

मालक प्रसाद घेऊन यायच्या बेतात होते. मॅनेजर माझ्यावर खेकसला, "तू घाल रे तो हार."

तीन नंबरवरचे आबा, शॉपमधले सगळ्यात जुने, मध्ये पडले. "त्याची मशीन हाय ती. त्याच्या हातची पूजा. त्यो न्हाई तर तशीच ऱ्हाऊ द्या."

मला त्या सगळ्याचा वैताग आला होता. मी हार घातला, कुंकू लावलं. मग डब्याची केबल माझ्या हाताने काढली आणि त्याच्यावरही एक झेंडू ठेवला. मेन स्विच पडला. हे लक्षात ठेवा... दोन दिवस त्या डब्यात वीज नव्हती. बॅटरीही नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळं चालू केलं. चार नंबरला एव्हाना नवा सेन्सर बसला होता, आणि अपघातानंतर आबा रोज काठी घालून पडदे तपासायचे. एक थांबली, दोन थांबली, तीन थांबली. चार नंबरने काठीचे दोन तुकडे केले.

मी डब्यासमोर बसलो. आता थोडं समजून घ्या. लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाचा फोल्डर असतो. तो डिस्कवर नसतोच. या क्षणी आत जे जे प्रोग्राम चालू आहेत त्यांचा हजेरीपट म्हणा. प्रत्येकाला एक नंबर, आणि त्या नंबराचा एक फोल्डर. काम संपलं की फोल्डर नाहीसा. वीज गेली की सगळाच हजेरीपट गेला.

नेहमीच्या यादीत काहीच वावगं नव्हतं. पण प्रॉकमध्ये एक जास्तीचा फोल्डर होता. २१०६. उघडला. प्रोग्रामचं नाव 'चालूदे', पुढे शेरा, की मूळ फाइल डिलीट झालेली आहे. चालू करणाऱ्याचं लॉगिन माझं. आणि फोल्डरवरची तारीख अपघाताच्या दिवसाची, वेळ दुपारी पावणेचार. डबा चालू होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती!

बंद करायची कमांड दिली, तर उत्तर आलं, असा प्रोग्रामच नाही. पण फोल्डर तिथेच. डबा बंद करून चालू केला. पुन्हा २१०६, पुन्हा पावणेचार.

मॅनेजर मागे उभा राहून बघत होता. त्यानेही वाचलं, म्हणून हे माझ्या डोक्यातलं नाही एवढं नक्की. तो म्हणाला, "उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येतायत. डबाच काढून फेक." आणि नवा डबा आणायला स्टोअरकडे पळाला.

मला एक गोष्ट माहीत होती, त्याला नव्हती. फाइल उडवली तरी प्रोग्राम चालू असेपर्यंत प्रॉकमधून तिची जिवंत प्रत काढता येते. ती प्रत काढली तर शांतारामभाऊ सुटत होते आणि मी अडकत होतो, कारण आत नाव माझं होतं. नुसतं माझं.

मी मोठ्या मनाने काही केलं असं समजू नका. मला भीती वाटली. हे इथून गेलं नाही तर माझ्याबरोबर घरी येईल, असं त्या क्षणी खरंच वाटलं. पेन ड्राइव्ह लावला आणि प्रॉकमधलं जेवढं निघालं तेवढं उतरवून घेतलं. कॉपी पूर्ण झाली आणि डोळ्यांदेखत २१०६ नाहीसा झाला. आबांनी तुटक्या काठीचा तुकडा आत घातला. प्रेस थांबली.

दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह आणि लेखी जबाब इन्स्पेक्टरच्या हातात दिला. शांतारामभाऊंवरचा दोष गेला. माझी नोकरी गेली, केस चालू आहे. मॅनेजर आज दुसऱ्या एका कंपनीत मॅनेजरच आहे.

पुढच्या रविवारी भाज्याला गेलो. लेणी बघायला आलेल्यांच्या गाड्या रस्त्याभर लागल्या होत्या. शांतारामभाऊ अंगणात खाटेवर होते, पट्टी बांधलेला हात मांडीवर. मी सगळं सांगितलं, प्रोग्राम, खोटं, पेन ड्राइव्ह. माफीही मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते निदान बस म्हणतील असं मला वाटत होतं.

ते म्हणाले, "आबानं सांगितलं समदं. कागदाचं बरं झालं." मग विचारलं, "माज्या मशीनला हार कुनी घातला?"

"मी."

"मी तुमाला इचारलं व्हतं, पडदा चालू हाय का. तुमी व्हय म्हनला. मंग त्याच हातानं माज्या मशीनला कुक्कू लावलं?"

मी माझा उजवा हात खिशात घातला.

"जावा आता," ते म्हणाले. "परत हितं येऊ नका."

मी गेलेलो नाही. त्या पेन ड्राइव्हची माझ्याकडे ठेवलेली प्रत मी दोन जाणकारांकडून तपासून घेतली. दोघेही म्हणाले, तारीख खरी दिसते आणि असं होऊच शकत नाही. तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं तर जरूर लिहा. मला सुचलेलं नाही. पण शांतारामभाऊंनी जे विचारलं त्याचं उत्तर इथे मागत नाही. ते मलाच द्यायचं होतं, आणि तिथे उभा असताना मला ते देता आलं नाही.